‘नेट आहे का?’ हे आधी विचारू नका. रिक्वेस्ट पाठवा आणि अपयश नीट वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. किराणा वितरकांच्या सेल्समनसाठी अँड्रॉइड अ‍ॅप बनवलं आहे. दुकानात जाऊन ऑर्डर घ्यायची आणि सर्व्हरवर पाठवायची. प्रत्येक एपीआय कॉलच्या, म्हणजे सर्व्हरला पाठवायच्या रिक्वेस्टच्या, आधी एक फंक्शन नेट आहे का ते तपासतं, नसेल तर ‘इंटरनेट कनेक्शन नाही’ असा डायलॉग दाखवतं. तरी तक्रारी थांबत नाहीत. कुणाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू असताना हे अ‍ॅप नेट नाही म्हणतं, तर कुणाकडे रेंज नसताना चक्र मिनिटभर फिरत बसतं. मग जाता जाता एक ओळ: ‘काही ऑर्डरी दोनदा येतात, पण ते बहुधा वेगळं प्रकरण असावं.’ आणि विचारलं आहे ते एवढंच, की ही तपासणी पक्की कशी करायची.

ती पक्की होणार नाही. आणि दोनदा येणाऱ्या ऑर्डरी हे वेगळं प्रकरण नाही. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. पण आधी तपासणीचं बघू.

फोनला माहीत असतं ते फार थोडं: वायफायला किंवा टॉवरला आपण जोडलेले आहोत का, आणि त्या जाळ्यातून मघाशी कधीतरी बाहेर जाता आलं होतं का. तुमचा सर्व्हर चालू आहे का, तिथपर्यंतची वाट मोकळी आहे का, याची त्याला काहीच कल्पना नसते. गॅलरीतून खालचा रस्ता मोकळा दिसला म्हणून पुढे पुण्याच्या नवले पुलावर गाडी अडकणार नाही, असं आपण म्हणत नाही. शिवाय तपासणी आणि प्रत्यक्ष कॉल यांच्यामध्ये वेळ जातो. सेल्समन दुकानातून बाहेर पडला, फोन दुकानाच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, आणि तुमचं ‘हो, नेट आहे’ हे उत्तर तेवढ्यात शिळं झालं.

तुम्ही बहुधा अँड्रॉइडचा जुना नेटवर्कइन्फो हा क्लास वापरत आहात. तो अँड्रॉइड १० पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे आता वापरू नये असा ठरवलेला. त्याच्याभोवतीचा जो कोड वर्षानुवर्षं कॉपी होत आला, तो फक्त ‘वायफाय आहे का, मोबाइल आहे का’ एवढंच बघतो. ब्लूटूथवरून दुसऱ्याचं नेट घेतलं किंवा व्हीपीएन चालू असला की तो चुकतो. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डेटा सेव्हर किंवा बॅटरी बचतीमुळे सिस्टीम एखाद्या अ‍ॅपचं पार्श्वभूमीतलं नेट बंद करते. तेव्हा त्या अ‍ॅपला ‘जोडलेलं नाही’ असंच उत्तर मिळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप मात्र शेजारी छान चालू असतं.

नवा मार्ग म्हणजे नेटवर्ककॅपॅबिलिटीज. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. ‘इंटरनेट’ ही कॅपॅबिलिटी म्हणजे हे जाळं इंटरनेट देण्यासाठी उभं केलेलं आहे, इतकंच. ‘व्हॅलिडेटेड’ म्हणजे अँड्रॉइडने खरंच बाहेर जाऊन पाहिलं आहे. तो गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी रिक्वेस्ट पाठवतो आणि २०४ हा कोड, म्हणजे रिकामं उत्तर, परत येण्याची वाट बघतो. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर २०४ ऐवजी लॉगिनचं पान येतं आणि फोनला कळतं की इथे आधी नंबर टाकून ओटीपी द्यावा लागणार. तुम्हाला काही बघायचंच असेल तर व्हॅलिडेटेड बघा. पण तेही फक्त गूगलपर्यंतच्या वाटेबद्दल सांगतं. ज्या ऑफिसच्या फायरवॉलने तो पत्ताच अडवलाय, तिथे तुमचा सर्व्हर पोचण्यासारखा असूनही हे उत्तर ‘नाही’ येऊ शकतं.

काही जण यावर तोडगा म्हणून प्रत्येक कॉलआधी ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करतात, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून बघतात. कृपया तसं करू नका. कित्येक जाळ्यांत पिंग अडवलेलं असतं, प्रत्येक कॉलला एक फेरी वाढते, आणि शेवटी कळतं ते दुसऱ्याच्याच सर्व्हरबद्दल. एवढा वेळ घालवायचाच असेल तर खरी रिक्वेस्टच पाठवावी. ती गेली की नेट होतं, हे आपोआप सिद्ध होतं.

म्हणून माझा नियम साधा आहे: जाळ्याच्या स्थितीवरून कॉल अडवायचा नाही. ती माहिती दोनच कामांना वापरायची. एक, थांबलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करायला. नेट परत आल्याची खबर मिळाली की रांगेतल्या ऑर्डरी पाठवायला घ्यायच्या. दोन, अपयश आल्यानंतर त्याचं कारण माणसाला समजावून सांगायला. यासाठी नेटवर्ककॉलबॅक वापरा; जाळं बदललं की तो अ‍ॅपला कळवतो. अँड्रॉइड ७ पासून डीफॉल्ट नेटवर्कसाठी वेगळा कॉलबॅक नोंदवता येतो. मॅनिफेस्टमध्ये ब्रॉडकास्ट रिसीव्हर लिहून ठेवण्याची जुनी पद्धत त्याच आवृत्तीला टार्गेट केल्यापासून चालत नाही. एक बारकावा: ‘उपलब्ध झालं’ हा कॉलबॅक आला त्या क्षणी जाळं व्हॅलिडेट झालेलं असेलच असं नाही. त्यासाठी कॅपॅबिलिटीज बदलल्याच्या कॉलबॅकमध्ये व्हॅलिडेटेड दिसेपर्यंत थांबा. आयफोनवर हेच काम एनडब्ल्यूपाथमॉनिटर करतो, आयओएस १२ पासून. शिवाय तिथे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या यूआरएलसेशनला ‘जोडणी मिळेपर्यंत थांब’ असं सांगायची सोय आयओएस ११ पासून आहे. फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनातलं कनेक्टिव्हिटी प्लस हे पॅकेज तर स्वतःच बजावतं की रिक्वेस्ट करायची की नाही हे माझ्यावरून ठरवू नका.

आता चक्र मिनिटभर का फिरतं ते. टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची त्याची मर्यादा. जावाच्या जुन्या एचटीटीपीयूआरएलकनेक्शनमध्ये टाइमआउट दिला नाही तर तो शून्य असतो, म्हणजे अनंतकाळ वाट बघणं. ओकेएचटीटीपी या लायब्ररीत जोडणी, वाचन आणि लेखन यांना प्रत्येकी १० सेकंद डीफॉल्ट असतात, पण संपूर्ण कॉलला मर्यादा नसते. वाचनाचे १० सेकंद हे दोन तुकड्यांमधल्या शांततेचे असतात. दर नऊ सेकंदांनी चार बाइट येत राहिले तर टाइमआउट कधीच होत नाही. म्हणून कॉलटाइमआउट वेगळा लावा. छोट्या ऑर्डरीसाठी मी ३० सेकंद ठेवतो. फोटो अपलोड करण्यासाठी वेगळा क्लायंट आणि बराच मोठा आकडा. उलट बाजूची चूकही मी केली आहे. अ‍ॅप चपळ वाटावं म्हणून सगळीकडे ३ सेकंद ठेवले. गावाकडच्या मंद जाळ्यावर एकही कॉल ३ सेकंदांत पुरा होत नव्हता. सर्व्हर प्रत्येक वेळी काम करत होता आणि फोन प्रत्येक वेळी ते फेकून देत होता.

आता खरा मुद्दा: कॉल फसला म्हणजे नेमकं काय झालं? बहुतेक कोडमध्ये चुका पकडणारा एकच कॅच ब्लॉक असतो, देवाणघेवाणीतल्या सगळ्या चुका (आयओएक्सेप्शन) त्यात पडतात आणि बाहेर येतो तो ‘इंटरनेट नाही’ हा एकच निष्कर्ष. पण ही अपयशं एका जातीची नाहीत. होस्टचं नावच सापडलं नाही, म्हणजे डीएनएसपाशीच अडलं, तर रिक्वेस्ट फोनबाहेर पडलेलीच नाही. जोडणी नाकारली गेली किंवा जोडतानाच वेळ संपला तरी तेच. इथे निर्धास्तपणे पुन्हा पाठवा.

टीएलएस हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची सुरुवात, फसला तरी ऑर्डर गेलेली नसते, पण इथे नुसतं पुन्हा पाठवून उपयोग नाही. एकदा एकाच माणसाचा फोन तीन दिवस ‘नेट नाही’ म्हणत होता. फोन हातात घेतला तेव्हा दिसलं, बॅटरी पूर्ण उतरून तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. फोनच्या हिशोबाने आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नव्हतं. आम्ही त्याला तीन दिवस सिमकार्ड काढून घालायला लावत होतो. तेव्हापासून सर्टिफिकेटच्या चुकीला मी वेगळा संदेश ठेवतो: ‘फोनची तारीख आणि वेळ तपासा.’ लॉगिनचं पान मध्ये आणणारं वायफायही बऱ्याचदा इथेच, सर्टिफिकेट न जुळण्याच्या रूपात दिसतं. आणि उत्तर २०० (यशाचा कोड) आलं पण आत जेसन डेटाऐवजी एचटीएमएल पान असेल, तर पार्सर कोसळण्याआधी कन्टेन्ट-टाइप बघा. मध्येच कुणीतरी दुसराच बोलतो आहे.

राहिला वाचनाचा टाइमआउट, आणि जोडणी मध्येच तुटणं. रिक्वेस्ट गेली होती, उत्तर आलं नाही. इथे फोनला काहीही ठाऊक नसतं. ऑर्डर वाटेत हरवली असेल किंवा सर्व्हरवर नोंदली जाऊन फक्त उत्तर हरवलं असेल. फोनच्या बाजूने दोन्ही हुबेहूब सारखंच दिसतं. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. तो १९७५ साली मांडला गेला आणि जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला हे नाव रूढ केलं. भरवशाच्या नसलेल्या वाटेवरून कितीही निरोप पाठवले तरी ‘दोघांनाही नक्की कळलं’ अशी खात्री होत नाही, हे त्यात सिद्ध केलेलं आहे. म्हणजे तुमची तपासणी अपुरी आहे म्हणून हे घडत नाही. कुठलीही तपासणी इथे पुरी पडणारच नाही.

मी हे शिकलो ते कोल्हापूरकडच्या भुदरगड तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर. अ‍ॅप आम्हीच केलं होतं. सकाळी सहाची वेळ, बाहेर किटल्या घेऊन माणसं रांगेत. किटली काट्यावर, लिटर फोनमध्ये, नमुना मशिनवर, फॅट फोनमध्ये, सचिव ‘जतन करा’ दाबतो. चक्र फिरतं. थोड्या वेळाने ‘कनेक्शन अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’. त्याने पुन्हा दाबलं. आम्हीच तर सांगितलं होतं. दोन्ही वेळा नोंद सर्व्हरवर पोचली होती. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा एका आजींच्या नावावर काही दिवशी दुप्पट दूध दिसत होतं. जादा गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापले गेले, आणि आजी केंद्रावर येऊन म्हणाल्या, ‘म्या दूध घातलंय की, पैसं कशापायी कापता?’ सचिवाकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी तिथे उभा होतो, माझ्याकडेही नव्हतं. ती चूक त्यांच्या गावातल्या रेंजची नव्हती, माझ्या कोडची होती.

उपाय जुना आणि साधा आहे: प्रत्येक व्यवहाराला फोननेच एक ओळख द्यायची. याला ‘आयडेम्पोटन्सी की’ (की म्हणजे किल्ली) म्हणतात. सेल्समनने ‘जतन करा’ दाबलं त्या क्षणी एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख क्रमांक, तयार करा आणि ऑर्डरीसोबत फोनमधल्या डेटाबेसमध्ये (अँड्रॉइडच्या ‘रूम’ लायब्ररीने) लिहून ठेवा. मगच नेटवर्कचा विचार. ती ऑर्डर पाच वेळा पाठवावी लागली तरी पाचही वेळा तीच की जाते. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथे: की पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत तयार होते, दर प्रयत्नाला नवी होते, आणि सगळी मेहनत वाया जाते. अ‍ॅप मध्येच बंद पडलं, फोन रीस्टार्ट झाला, तरी की तीच राहिली पाहिजे. म्हणून ती मेमरीत नको, डेटाबेसमध्ये हवी.

सर्व्हरवर त्या कीच्या कॉलमवर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा घालता येत नाही. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असं दोन पायऱ्यांत करू नका. दोन प्रयत्न एकाच वेळी पोचले तर दोघांनाही ‘नाही’ सापडेल. सरळ घालायला जा आणि डेटाबेसला अडवू द्या. अडवलं की चूक परत न पाठवता आधीच्याच ऑर्डरीचा क्रमांक यशाचं उत्तर म्हणून द्या. फोनच्या दृष्टीने काम झालेलंच असतं. की वेगळ्या टेबलात ठेवून २४ तासांनी पुसायची पद्धतही दिसते. गावोगाव फिरणाऱ्या माणसांसाठी ती धोक्याची आहे. फोन बिघडून आठ दिवस दुकानात पडतो आणि नवव्या दिवशी चालू झाल्यावर रांगेतलं सगळं पाठवतो. मी की ऑर्डरीच्याच टेबलात ठेवतो, म्हणजे ऑर्डर असेपर्यंत ती असते.

तुम्ही स्वतः रिट्राय लिहिला नसेल म्हणून दुबार होणार नाही असं समजू नका. ओकेएचटीटीपीमध्ये जोडणी तुटल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची सोय डीफॉल्टने चालू असते. ती बंद करण्यापेक्षा की लावणं बरं, कारण ती सोय कामाची आहे.

पुन्हा पाठवायचं कधी? लगेच नाही, आणि सगळ्यांनी एकाच वेळी तर नाहीच. टॉवर बंद पडून तासाने परत आला की त्या भागातले सगळे फोन एकदम जागे होतात. प्रत्येकाने ‘५ सेकंदांनी पुन्हा’ असा ठोकताळा ठेवला असेल तर सर्व्हरवर दर ५ सेकंदांनी लाट आदळते. थांबण्याचा काळ दर प्रयत्नाला दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळा. सर्व्हरने ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) किंवा ५०३ (सध्या सेवा नाही) या कोडसोबत रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळाने यायचं ते, पाठवलं असेल तर ते पाळा. ४०० किंवा ४२२ आलं तर पुन्हा पाठवून काही होणार नाही. ऑर्डरीतच चूक आहे, ती माणसाला दाखवा. नाहीतर ती एक ऑर्डर रांगेच्या तोंडाशी अडकून मागच्या सगळ्यांना रोखून धरते.

हे सगळं वर्कमॅनेजरवर, अँड्रॉइडच्या पार्श्वभूमीतली कामं चालवणाऱ्या लायब्ररीवर, सोपवा, नेट असल्याची अट लावून. त्याचा पहिला थांबा ३० सेकंदांचा असतो आणि तो वाढत कमाल ५ तासांपर्यंत जातो. हे ५ तास लक्षात ठेवा. दिवसभर रेंज येत-जात राहिली, प्रयत्न फसत गेले, संध्याकाळी सेल्समन गोदामात वायफायवर आला, आणि अ‍ॅप मात्र पुढच्या वेळेची वाट बघत बसलं, असं होतं. म्हणून स्क्रीनवर ‘आता पाठवा’ हे बटण द्या आणि ते दाबल्यावर जुनं काम बदलून नवं लावा.

स्क्रीनबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या तक्रारींचं मूळ निम्मं तिथे आहे. ‘इंटरनेट कनेक्शन नाही’ हा डायलॉग काढून टाका. तो काम थांबवतो, आणि माणसाला खरं हवं असलेलं उत्तर देत नाही. दुकानात उभ्या असलेल्या सेल्समनला एकच प्रश्न असतो: माझी ऑर्डर गेली की नाही? त्याला तीन उत्तरं पुरतात. पाठवायची बाकी, पोचली, अडकली. प्रत्येक ऑर्डरीपुढे यातला एक शब्द दिसू द्या. वर एक छोटी पट्टी: ‘४ ऑर्डरी पाठवायच्या बाकी. नेट आल्यावर आपोआप जातील.’ ‘जतन करा’ दाबल्यावर लगेच ‘ऑर्डर फोनमध्ये जतन झाली’ हे दिसलं पाहिजे, कारण ते खरं आहे आणि त्याला नेट लागत नाही. ‘पोचली’ मात्र सर्व्हरचं उत्तर हातात आल्याशिवाय लिहू नका. यूपीआयमुळे लोकांना ‘पेंडिंग’ हा शब्द नीट कळतो. व्यवहार अधांतरी असू शकतो आणि लगेच पुन्हा पैसे पाठवायचे नसतात, हे भाजीवालाही जाणतो. वापरणाऱ्याला खरं सांगितलं तर तो समजून घेतो. आम्ही ‘बाकी’ दाखवायला लागल्यावर त्या सचिवाने पुन्हा पुन्हा बटण दाबणं स्वतःहून थांबवलं.

चाचणी करताना विमान मोडवर विसंबू नका. ते फार स्वच्छ अपयश आहे. फोनला लगेच कळतं आणि कॉल तत्काळ फसतो. खरी जाळी अर्धवट मरतात. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि तुमचा फोन त्याला जोडा: वायफायचं चिन्ह दिसेल, पलीकडे काहीच नसेल. लिनक्सवर नेटएमने पॅकेट गळवता येतात, आयफोनसाठी नेटवर्क लिंक कंडिशनर आहे. सगळ्यात मोलाची चाचणी मात्र ही: सर्व्हरवर ऑर्डर डेटाबेसमध्ये कमिट झाल्यावर, उत्तर पाठवण्याच्या आधी, मुद्दाम जोडणी तोडा. चाचणीसाठीच्या मॉकवेबसर्व्हर या खोट्या सर्व्हरमध्ये रिक्वेस्ट घेऊन उत्तर न देण्याची सोय आहे, पण एकदा तरी खऱ्या सर्व्हरवर करून बघा. मग फोनवर पाच वेळा ‘आता पाठवा’ दाबा आणि टेबलात ओळी मोजा. एकच असली पाहिजे.

अपयशाची नोंदही ठेवा: एक्सेप्शनचं नाव, किती मिलिसेकंदांनी आलं, कितवा प्रयत्न, त्या वेळी वायफाय होतं की मोबाइल, व्हॅलिडेटेड होतं की नाही. ती फोनमध्ये साठवून नंतर पाठवायची, अर्थातच. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या की ‘नेट नाही’ या एका तक्रारीची चार-पाच वेगवेगळी कारणं तुमच्यासमोर सुटी होतील.

आणि आधीच दुबार झालेल्या ऑर्डरी. एकच दुकान, तोच माल, तीच संख्या, दोन-चार मिनिटांचं अंतर, अशी क्वेरी लावून यादी काढा, पण स्क्रिप्टने पुसू नका. दूध केंद्रावर आम्ही तसं करायला निघालो होतो. सचिवाने वही उघडून दाखवली: त्याच सकाळी, त्याच नावावर, पाठोपाठ दोन नोंदी, दोन्हींचे लिटर सारखे, आणि दोन्ही खऱ्या. त्या घरच्या दोन म्हशींचं दूध दोन किटल्यांतून आलं होतं. तुमच्याकडेही एखाद्या दुकानदाराने खरंच अजून एक खोका सांगितलेला असेल. यादी सेल्समनच्या हातात द्या आणि त्याला दुकानात विचारून येऊ द्या.